आरपीजी मेकरमध्ये स्वतःचा ‘वापरायचा’ आयटम: अट आधी, खर्च शेवटी

आरपीजी मेकर एमझेड या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये औषधाची बाटली बनवायला काही लागत नाही. नाव, आयकॉन, ‘रिकव्हर एचपी’, झालं. अडतं ते वेगळ्याच जागी. समजा गेम मुंबईत घडतो आणि खेळाडूच्या पिशवीत ‘लोकलचं तिकीट’ आहे. ते फक्त स्टेशनात चालायला हवं, कुठे जायचं ते विचारायला हवं, आणि खेळाडूने ऐनवेळी ‘नको’ म्हटलं तर तिकीट पिशवीतच राहायला हवं. डेटाबेसमधले रकाने भरून यातलं एकही काम होत नाही. तिथे कॉमन इव्हेंट (कुठूनही बोलावता येणारी कमांडांची यादी) लागतो आणि थोडी जावास्क्रिप्ट.

खाली सगळं एमझेड (2020) धरून लिहिलं आहे. त्याआधीच्या आवृत्तीत, एमव्हीत (2015), बरंचसं तसंच चालतं. मोठे फरक जागच्या जागी सांगितले आहेत. फंक्शनांची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून सुटी लिहिली आहेत. कोडमध्ये ती इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहायची. पहिला शब्द लहान अक्षराने सुरू होतो, पुढचा प्रत्येक मोठ्या.

आयटम नेमका कधी जातो

मेनूत आयटमवर ओके दाबल्यावर इंजिन ठरलेल्या क्रमाने कामं करतं. आधी आवाज. मग आयटम ‘कन्झ्युमेबल’ असेल तर पिशवीतून एक नग वजा. मग ज्याच्यावर वापरला त्याच्यावर परिणाम. मग कॉमन इव्हेंट रांगेत. त्यानंतर मेनू बंद होऊन नकाशा परत येतो आणि तेव्हा कुठे कॉमन इव्हेंटची पहिली ओळ चालते. म्हणजे ‘इथे स्टेशन आहे का?’ हे तुम्ही कॉमन इव्हेंटमध्ये विचारता, तोवर तिकीट केव्हाच गेलेलं असतं.

यावर सरसकट सुचवला जाणारा उपाय म्हणजे अट फसली की ‘चेंज आयटम्स’ने एक नग परत देणे. चालतो, पण वाईट आहे. कॉमन इव्हेंटमधून बाहेर पडायच्या जितक्या वाटा, तितक्या ठिकाणी परतफेड लिहावी लागते. दोन महिन्यांनी कोणीतरी नवीन अट घालतो, परतफेड विसरतो, आणि खेळाडूचं तिकीट फुकट जातं. उलट करा: डेटाबेसमध्ये ‘कन्झ्युमेबल’ला ‘नो’ द्या आणि नग वजा करायची ओळ कॉमन इव्हेंटमध्ये, सगळ्या अटी पार झाल्यावर, एकदाच लिहा.

तिकिटासाठी डेटाबेसमधली मांडणी अशी: ‘स्कोप’ला ‘नन’, ‘ऑकेजन’ला ‘मेनू स्क्रीन’, ‘कन्झ्युमेबल’ला ‘नो’, आणि ‘इफेक्ट्स’मध्ये फक्त एक कॉमन इव्हेंट. त्या कॉमन इव्हेंटचा ‘ट्रिगर’ही ‘नन’ ठेवायचा. ‘ऑटोरन’ किंवा ‘पॅरलल’ दिला तर तो आयटमची वाट न पाहता स्विचवर चालायला लागेल.

‘ऑकेजन’ला ‘ऑल्वेज’ ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. ‘ट्रान्सफर प्लेयर’ ही कमांड लढाईत चालत नाही, आणि चालत नाही म्हणजे वगळली जाते असंही नाही: इंटरप्रीटर (इव्हेंटच्या कमांडा चालवणारा इंजिनचा भाग) त्याच ओळीवर थांबून दर फ्रेमला पुन्हा प्रयत्न करत राहतो. एररही येत नाही, लढाई पुढेही सरकत नाही. लढाईतून पळून थेट दुसऱ्या नकाशावर जायचा आयटम हवाच असेल, तर लढाईतल्या कॉमन इव्हेंटमध्ये फक्त एक स्विच ऑन करून ‘बॅटल मॅनेजर’चं ‘अबॉर्ट’ बोलवा, आणि नकाशावर त्या स्विचवर चालणाऱ्या दुसऱ्या कॉमन इव्हेंटने ट्रान्सफर करा. त्या इव्हेंटने आधी स्विच ऑफ करायचा, मग ट्रान्सफर.

स्टेशन कसं ओळखायचं

नकाशांचे क्रमांक कॉमन इव्हेंटमध्ये एकेक करून लिहीत बसू नका. नकाशाच्या ‘नोट’ खिडकीत टॅग टाका. टॅगचं नाव देवनागरीत चालतं, कारण इंजिन कोनी कंस आणि कोलन सोडून बाकी कुठलंही अक्षर नावात घेतं. दादरच्या नकाशावर <लाइन:पश्चिम,मध्य>, कुर्ल्याच्या नकाशावर <लाइन:मध्य,हार्बर>, अंधेरीच्या <लाइन:पश्चिम,हार्बर>. मग ‘डेटा मॅप’च्या ‘मेटा’मधून ‘लाइन’ वाचायची, स्वल्पविरामावर तोडायची आणि यादीत हवी ती लाइन आहे का पाहायचं.

इथे चार ठिकाणी पाय घसरतो.

टॅगच नसेल तर ‘मेटा’मधून काहीच मिळत नाही, आणि त्या ‘काहीच नाही’वर ‘स्प्लिट’ चालवलं की गेम एरर दाखवून थांबतो. म्हणून वाचताना ‘किंवा रिकामी ओळ’ अशी पर्यायी किंमत द्या, म्हणजे दोन उभ्या रेघा आणि रिकामे अवतरण.

कोलनशिवाय नुसतं <लाइन> लिहिलं तर किंमत मजकूर नसते, ‘ट्रू’ असते. त्यावर ‘स्प्लिट’ केलं तरी तोच एरर, आणि वरचा पर्यायी किमतीचा उपाय इथे उपयोगी पडत नाही.

कोलननंतर किंवा स्वल्पविरामानंतर जागा सोडली तर ती जागा किमतीचा भाग होते. ‘ मध्य’ आणि ‘मध्य’ या इंजिनच्या लेखी दोन वेगळ्या लाइन. प्रत्येक तुकड्यावर ‘ट्रिम’ चालवा.

चौथी भानगड खास आपली आहे. ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो: ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, तुलना मात्र फसते. एकाने फोनच्या कीबोर्डवर टॅग लिहिला, दुसऱ्याने लॅपटॉपवर कोड लिहिला, की शोधत बसा. टॅगची नावं आणि किमती साध्या अक्षरांच्या ठेवा.

कॉमन इव्हेंट, ओळीने

पहिली ओळ ‘कंट्रोल व्हेरिएबल्स’: गंतव्याचं व्हेरिएबल, म्हणजे जायच्या नकाशाचा क्रमांक, 0 करा. हे विसरलं तर मागच्या प्रवासाची किंमत तशीच उरते आणि रद्द केलेला प्रवासही होऊन जातो. दुसरी ‘कंडिशनल ब्रँच’, त्यात ‘स्क्रिप्ट’ निवडून वरची लाइनची अट. अट खोटी असेल तर ‘शो टेक्स्ट’मध्ये ‘इथून लोकल मिळत नाही’ आणि ‘एग्झिट इव्हेंट प्रोसेसिंग’.

मग ‘शो चॉइसेस’. एका यादीत जास्तीत जास्त सहा पर्याय मावतात, त्यामुळे चर्चगेट ते विरार सगळी स्टेशनं एका फटक्यात बसणार नाहीत. आधी लाइन विचारा, मग स्टेशन. प्रत्येक पर्यायाखाली फक्त नकाशा क्रमांक, एक्स आणि वाय ही तीन व्हेरिएबल भरायची, बाकी काही नाही.

याच खिडकीत ‘कॅन्सल’ नावाचा एक रकाना आहे. नवीन यादी उघडली की तिथे आपोआप ‘चॉइस #2’ असतं, कारण मूळ यादी होय आणि नाही अशी दोनच पर्यायांची धरलेली आहे. तुमची यादी दादर, कुर्ला, ठाणे असेल तर एस्केप दाबणारा खेळाडू मुकाट्याने कुर्ल्याला उतरतो. इथे ‘ब्रँच’ निवडा आणि रद्दची शाखा रिकामी सोडा.

यादीनंतर पुन्हा एक ‘कंडिशनल ब्रँच’: गंतव्य 0 असेल तर बाहेर. ही ओळ टाळून पुढे गेलात तर ट्रान्सफर क्रमांक 0 च्या नकाशावर जाईल, आणि तसा नकाशाच नसल्यामुळे इंजिन एरर न देता खेळाडूला रिकाम्या नकाशावर नेऊन सोडेल. आता, आणि आताच, ‘चेंज आयटम्स’ने तिकीट एक वजा. लगेच पुढे ‘ट्रान्सफर प्लेयर’, ‘डेझिग्नेशन विथ व्हेरिएबल्स’. ट्रान्सफरनंतरही कॉमन इव्हेंट मरत नाही, पुढच्या ओळी नवीन नकाशावर चालतात. त्यामुळे ‘पुढील स्टेशन’ची घोषणा तिथेच खाली टाकता येते.

पास हवा असेल तर हाच कॉमन इव्हेंट, फक्त वजाबाकीची ओळ ‘शेवटचा वापरलेला आयटम तिकीट आहे का’ या अटीत गुंडाळायची. एमझेडमध्ये ‘कंट्रोल व्हेरिएबल्स’च्या ‘गेम डेटा’त ‘लास्ट’ नावाचा गट आहे, त्यात ‘लास्ट यूज्ड आयटम आयडी’ मिळतो. तो सुरुवातीलाच व्हेरिएबलमध्ये घ्या. एमव्हीत हा गट नाही. तिथे प्रत्येक आयटमला वेगळा कॉमन इव्हेंट करून त्यातून सामाईक कॉमन इव्हेंट बोलवावा लागतो.

त्याच गटात ‘लास्ट टार्गेट अ‍ॅक्टर आयडी’ आहे. मेनूत खेळाडूने आयटम कोणावर वापरला हे कॉमन इव्हेंटला कळायचा हाच सरळ मार्ग. ‘चेंज स्टेट’, ‘चेंज एचपी’ या कमांडांमध्ये पात्र ‘व्हेरिएबल’ने निवडता येतं, तिथे हा क्रमांक द्यायचा.

आयटम मेनूतच फिका दिसावा

तिकीट निवडल्यावर ‘मिळत नाही’ असं सांगण्यापेक्षा ते आधीच फिकं दिसलं तर बरं. यासाठी छोटा प्लगइन लागतो. ‘गेम बॅटलर बेस’मधलं ‘मीट्स आयटम कंडिशन्स’ हे फंक्शन गाठायचं. त्याच्या शेजारीच ‘मीट्स यूजेबल आयटम कंडिशन्स’ आहे. नाव फसवं आहे, ते स्किललाही लागू होतं, त्याला हात लावू नका.

जुनं फंक्शन एका ‘कॉन्स्ट’मध्ये धरून ठेवा. नवीन फंक्शनमध्ये आधी जुनं ‘कॉल’ने चालवा आणि ‘कॉल’ला ‘धिस’ व ‘आयटम’ दोन्ही द्या. ‘कॉल’ न वापरता नुसतं बोलावलं तर आत ‘धिस’ हरवतो आणि मेनू उघडताच गेम पडतो. जुन्याचं उत्तर खोटं असेल तर तेच परत द्या. खरं असेल आणि आयटमच्या नोटमध्ये <फक्तस्टेशन> टॅग असेल, तरच नकाशाची लाइन तपासा. त्याआधी ‘डेटा मॅप’ आहे का ते पाहा: बॅटल टेस्टमध्ये नकाशा लोडच होत नाही, त्यामुळे ही तपासणी नसेल तर प्लगइन तिथे मोडतो आणि गेममध्ये मात्र ठीक चालतो.

हे फंक्शन यादी रंगवताना प्रत्येक ओळीसाठी, प्रत्येक पात्रासाठी बोलावलं जातं. त्यात काहीही बदलायचं नाही, फक्त विचारायचं. यादृच्छिक आकडा घातला तर तोच आयटम एकदा फिका, एकदा उजळ दिसतो. आणि प्लगइन असला तरी कॉमन इव्हेंटमधली अट काढू नका. प्लगइन मॅनेजरमध्ये कोणी तो बंद केला तर तीच राखण करते.

स्मार्ट कार्ड: शिल्लक कुठे ठेवायची

दहा फेऱ्यांचं कार्ड बनवताना सगळ्यांना वाटतं की प्रत्येक कार्डाची स्वतःची शिल्लक असेल. आरपीजी मेकरमध्ये तसं नसतं. पार्टी फक्त ‘क्रमांक 14, नग 3’ एवढंच लक्षात ठेवते. तीन कार्डं म्हणजे तीन वस्तू नव्हेत, एक आकडा. म्हणून शिल्लक व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि कार्ड एकच द्यायचं. दुकानात त्याला किंमत 0 ठेवली तर ते विकता येत नाही, तेवढं करा.

शिल्लक वर्णनात दाखवता येते: मदतीची खिडकी नियंत्रण-खुणा ओळखते, त्यामुळे वर्णनात बॅकस्लॅश, इंग्रजी व्ही आणि चौकटी कंसात व्हेरिएबलचा क्रमांक लिहिला की चालू आकडा दिसतो.

भाडं आयटमच्या नोटमध्ये <भाडं:10> असं लिहिलं तर ते ‘नंबर’मध्ये गुंडाळून वाचा. टॅगची किंमत मजकूर असते. गंमत अशी की वजाबाकीत जावास्क्रिप्ट आपणहून आकडा करून घेते, 50 मधून 10 गेले की 40 बरोबर येतात. चूक उघडी पडते ती रिचार्जच्या वेळी: 50 अधिक 10 म्हणजे 5010.

समोरच्या दारावर चावी

इथेही सगळा भर ‘समोर काय आहे’ या अटीवर. खेळाडूचे एक्स, वाय आणि दिशा तीन व्हेरिएबलमध्ये घ्या. दिशेचे आकडे नंबरपॅडसारखे: 2 खाली, 4 डावीकडे, 6 उजवीकडे, 8 वर. दिशेप्रमाणे एक्स किंवा वाय एकने हलवा, ‘गेट लोकेशन इन्फो’ने तिथला ‘इव्हेंट आयडी’ घ्या. 0 आला तर समोर काही नाही. एकाच चौकोनावर दोन इव्हेंट असतील तर त्यातला एकच मिळतो, त्यामुळे दारावर शोभेचा दिवा वेगळ्या इव्हेंटने टांगू नका.

दार उघडायला सेल्फ स्विच (एकाच इव्हेंटपुरता ऑन-ऑफ स्विच) लागतो, आणि इथे बहुतेक जण अडकतात. आयटममधून आलेल्या कॉमन इव्हेंटला स्वतःचा इव्हेंट क्रमांक नसतो. ‘कंट्रोल सेल्फ स्विच’ कमांड तिथे काहीच करत नाही, तक्रारही करत नाही. ‘धिस इव्हेंट’ निवडलेलं मूव्ह रूटही तसंच वाया जातं. ‘स्क्रिप्ट’मधून ‘गेम सेल्फ स्विचेस’चं ‘सेट व्हॅल्यू’ बोलवा आणि त्याला तीन गोष्टींची यादी द्या: नकाशा क्रमांक, इव्हेंट क्रमांक, आणि अवतरणात इंग्रजी कॅपिटल ए. यादीनंतर ‘ट्रू’ द्या, तरच स्विच ऑन होतो. आतल्या साठ्यात थेट लिहू नका. नकाशाला बदल कळत नाही आणि दार पुढच्या रिफ्रेशपर्यंत बंदच दिसतं.

सूत्र आणि यश

‘कटिंग’ने एचपी भरायचा असेल तर दोन वाटा आहेत आणि त्या सारख्या नाहीत. ‘रिकव्हर एचपी’ इफेक्टला वापरणाऱ्याची ‘फार्माकॉलॉजी’ (आयटमचा परिणाम कमीजास्त करणारा पात्राचा गुण) लागू होते. ‘डॅमेज’मधल्या सूत्राला होत नाही. सूत्रात ए म्हणजे वापरणारा, बी म्हणजे ज्याच्यावर वापरला तो. पण मेनूत ए हा पार्टीचा म्होरक्या नसतो, ज्याची फार्माकॉलॉजी सगळ्यात जास्त तो असतो. ‘व्हेरिअन्स’ 20 असताना सूत्रातून 50 आले तर प्रत्यक्षात 40 ते 60 मधलं काहीही मिळतं. ठरलेलाच आकडा हवा तर 0 करा. आणि सूत्रात टायपिंगची चूक असेल तर एरर येत नाही, निकाल 0 येतो. आयटम ‘काहीच करत नाही’ असं दिसलं की आधी सूत्र बघा.

‘सक्सेस’ 60 टक्के ठेवला म्हणजे कॉमन इव्हेंट 60 टक्के वेळा चालेल असं समजू नका. तो नेम चुकला तरी चालतो, कारण तो लक्ष्याशी बांधलेलाच नाही. शक्यता हवी असेल तर कॉमन इव्हेंटमध्ये 1 ते 100 यादृच्छिक आकडा काढून तिथे ठरवा.

काही वेळ टिकणाऱ्या परिणामासाठी, उदाहरणार्थ छत्री उघडल्यावर 100 पावलं पाऊस लागू नये, स्क्रिप्टची गरजच नाही. एक ‘स्टेट’ करा, त्यात ‘रिमूव्ह बाय वॉकिंग’ला 100, आणि पावसाच्या इव्हेंटमध्ये पात्रावर तो स्टेट आहे का ते विचारा.

मराठी मजकूर तुटतो तेव्हा

आधी फॉन्ट: देवनागरी असलेली फाइल ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये टाकून ‘सिस्टम 2’च्या प्रगत सेटिंगमध्ये तिचं नाव द्या. तरीही संवादाच्या खिडकीत काना, मात्रा, जोडाक्षरं सुटी पडतात, कारण ती खिडकी मजकूर एकेक युनिकोड अक्षर करून रंगवते. ‘स्टेशन’मधला स, हलन्त आणि ट वेगवेगळ्या फ्रेमला येतात. तात्पुरता उपाय: प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला बॅकस्लॅश आणि > ही खूण, म्हणजे ती ओळ एकदम येते. कायमचा उपाय: ‘विंडो मेसेज’चं ‘कॅन ब्रेक हिअर’ वरच्यासारखंच गुंडाळा आणि पुढच्या अक्षराचा कोड हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाच्या) आकड्यांतल्या 0900 ते 097एफ या देवनागरीच्या पट्ट्यात असेल तर ‘फॉल्स’ द्या. मग मजकूर शब्दाशब्दाने येतो आणि टाइप होत असल्याचा परिणामही टिकतो.

एमझेडमध्ये आयटमचं वर्णन अखंड रंगवलं जातं, तिथे अडचण नाही. एमव्हीत मात्र तेही एकेक अक्षर येतं, आणि > ची खूण तिथे उपयोगाची नाही.

तपासताना

टेस्ट प्लेमध्ये एफ9 ने स्विच आणि व्हेरिएबल बघता व बदलता येतात, एफ8 ने कन्सोल उघडतो. तिकिटाची निदान एवढी तपासणी करा: स्टेशनाबाहेर वापर, यादीत एस्केप, शेवटचं एक तिकीट असताना वापर, टॅग नसलेल्या नकाशावर मेनू उघडणे, आणि प्लगइन बंद करून हे सगळं पुन्हा. प्रत्येक वेळी पिशवीतला नग बघायचा, नुसता पडदा नाही.

गेम कोणाच्या हाती दिल्यावर आयटमांच्या यादीत मधे नवीन आयटम घुसवू नका, क्रमही बदलू नका. सेव्ह फाइलमध्ये नाव नसतं, क्रमांक असतो. क्रमांक 14 वर कार्डाऐवजी वडापाव आला, तर जुन्या खेळाडूंच्या पिशवीत कार्डाच्या जागी वडापाव निघतो. नवीन आयटम नेहमी शेवटी जोडा, आणि काढून टाकलेल्याची जागा रिकामी ठेवा.